दोघांनी पाहिलेला लिंबूपाठ्या

ती केस कापताना बोलत नाही. गिऱ्हाईक बोलू लागलं की त्याची मान हलकेच सरळ करते. शहाण्याला तेवढं पुरतं. चहा निवल्याशिवाय पीत नाही. कात्री दुसऱ्याच्या हाती देत नाही. वसंतात दुकानातला रेडिओ बंद, दार सताड उघडं. आरशाशेजारच्या खिळ्याला दुर्बीण.

दुकानासमोर रस्ता, पलीकडे शहराची बाग. कोवळी पानं फुटली की उत्तरेकडे निघालेले वटवटे तिथे दोन-चार दिवस उतरतात. अंगठ्याएवढे पक्षी. हिरव्यात हिरवे. एका जागी बसतील तर शपथ.

गेल्या वसंतात तिला त्यांच्यात लिंबूपाठ्या दिसला होता. कमरेवर लिंबाच्या सालीचा तुकडा चिकटवावा तसा पिवळा ठिपका. या बागेत तो आजवर कुणी पाहिला नव्हता. पण बागेतल्या पक्षीवेड्यांचा एक नियम आहे. एकट्याने पाहिलेला पक्षी म्हणजे न पाहिलेला. साक्षीदार हवाच. आणि या टोळीचा म्होरक्या तिचा धाकटा दीर. नळदुरुस्ती करतो.

"वहिनी, नियम म्हणजे नियम," तो म्हणाला होता. "सख्खा भाऊ आला तरी हेच सांगेन."

"अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला असेल," मागून कुणीतरी पुस्ती जोडली. सगळे हसले. तीही हसली. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "मला काय भास होतात का हो?"

"छे," नवरा म्हणाला. पण जरा उशिरा म्हणाला. तो उशीर तिला वर्षभर सलत राहिला.

यंदा पाखरं निघून जायची वेळ आली तरी लिंबूपाठ्याचा पत्ता नव्हता. पानं दाट होत चालली होती. अशात एका सकाळी दीर केस कापायला आला.

"दुपारी ओळखपत्राचा फोटो आहे. जरा माणसात आणा."

"त्याला कात्री पुरायची नाही, भावोजी. चष्मा काढा."

उजवी बाजू झाली. ती डावीकडे वळली आणि थबकली. बागेतून गेल्या वसंतातला तोच आवाज आला होता. बारीक, शेवटी वर चढणारा.

"उठा."

"अहो, अर्धंच..."

"उठा म्हणते ना!"

खिळ्यावरची दुर्बीण गळ्यात अडकवून ती निघालीही. गळ्यातली चादर फडफडवत दीर तिच्यामागे रस्ता ओलांडून धावला. बसवाल्याने हॉर्न वाजवला. तळ्याकाठच्या वाळुंजाच्या झाडाखाली ती थांबली. वर काहीतरी इवलंसं पानापानांतून सरकत होतं.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

"हिरवं."

"हिरवं काय?"

"सगळंच हिरवं, वहिनी. चष्मा तुमच्या फळीवर राहिला."

तिने कपाळावर हात मारला. आयुष्यभर लोकांना चष्मे काढायला लावले. वर्षभर साक्षीदार शोधला, आणि आणला तो आंधळा.

दुकानात जाऊन येईपर्यंत पक्षी थांबला नसता. दुर्बीण तिच्या गळ्यात होती. पिवळा ठिपका यंदा तिला स्वतःलाही अजून दिसला नव्हता. तिने क्षणभर दुर्बीण घट्ट धरली. मग काढून दिराच्या डोळ्यांना लावली.

"चाक फिरवा. चष्म्याशिवाय दिसेल."

जाम झालेला नळ सोडवावा तसा तो चाक फिरवत राहिला. ती ओठ मिटून उभी. काय बघायचं ते सांगितलं असतं तर साक्ष बाद.

"डोक्यावर मधोमध रेघ," तो पुटपुटला. "पंखावर पट्टे. दोन." पक्षी फांदीच्या टोकाशी आला. पंख फडफडवत हवेतच थांबला.

"वहिनी, लिंबू!"

बाकांवरचे म्हातारे दचकून वळले.

"आता द्या इकडे."

"थांबा हो जरा."

"भावोजी!"

"साक्षीदाराने नीट बघायचं असतं."

शेवटी तिने दुर्बीण हिसकावलीच. ठिपका दिसला. तसाच. तिचे डोळे भरून आले आणि भिंगं धुरकट झाली.

संध्याकाळपर्यंत सगळी टोळी वाळुंजाखाली जमली. फोटोची वेळ कधीच टळून गेली होती. दिराने सगळ्यांसमोर घसा खाकरला.

"वहिनींनी आणि मी पाहिला. गेल्या वर्षीचाही खरा धरायचा. चूक माझी."

नवराही आला होता. या वेळी तो लगेच म्हणाला, "मग!"

दुसऱ्या सकाळी दीर-भावजय पुन्हा झाडाखाली. आज दिराच्या नाकावर चष्मा होता. डोक्याची उजवी बाजू चकाचक, डावीकडचं रान कानावर आलेलं.

"हे कधी उरकायचं, वहिनी?"

"पाखरं जाऊ देत," ती वर बघतच म्हणाली.