आप्पांच्या चहातली फळांची साखर

मैत्रिणींनो, वाचून झालं की हे पत्र पुढच्या मैत्रिणीकडे पाठवा.

आज मी काम करते त्या प्रयोगशाळेत माझ्या वडिलांचं, आप्पांचं, रक्त यंत्रात फिरवलं. वर पिवळसर, पारदर्शक द्रव यायला हवा होता. तो दुधासारखा पांढरा आला, म्हणजे रक्तात चरबी फार. उपाशीपोटी घेतलेलं रक्त होतं. चिठ्ठीवरचं नाव मी तीनदा वाचलं.

आप्पांना मधुमेह आहे, साखर बंद आहे. वडगावला घरी येऊन विचारलं, तर साडी विणायच्या मागावर बसूनच हसले.

"साखर न्हाय गं, तुझ्या मामानं दुबईहून आणल्याली फळाची पावडर. चहात तीन चमचे."

"दिवसाला किती चहा?"

"आठ-धा. कुणाच्या मागावर गेलो तर डबी खिशात असतीया. तूच म्हणलीस न्हवं, चालतंय म्हणून?"

म्हटलं होतं. डब्यावर फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, असं वाचलं, रक्तातली साखर त्यानं फारशी वाढत नाही एवढंच आठवलं. जास्त झालं की यकृत त्याची चरबी करतं, हे परीक्षेत लिहूनही विसरले. किती घ्यायचं ते सांगितलंच नाही.

एवढ्या चरबीनं स्वादुपिंड सुजू शकतं. उद्या सकाळी त्यांना डॉक्टरांकडे नेते आहे. मला भीती वाटते आहे.

तुमच्या घरात "चालतंय" म्हणून काय, किती पोटात जातं? विचारलंय कधी?