सभेत वर गेलेले बारा हात

आमच्या बचत गटात अकरा जणी. महिन्यातून एकदा बसतो, पण हसायचं न् घाबरायचं एवढं साठतं की बैठक पुरत नाही. यावेळी एका सभेनंच कडेलोट केला.

सभा दिंद्रुडला होती. मोठे साहेब येणार, म्हणून अध्यक्षा शोभाताईंनी सगळ्यांना गुलाबी साडीत बोलावलं. माझी दीड वर्षाची पोरगी कडेवर. गेटवरच्या माणसानं तिची दुधाची बाटलीच काढून घेतली. बाटली आत न्यायची नाही म्हणे! मला रडू यायला लागलं. गटातली रुक्मिनकाकू त्याला म्हणाली, "ही काय साहेबावर फेकून मारनार हाय व्हय?" दिली बाबा परत.

*

साहेब बोलायला लागले. इथं कारखाने येणार, पोरांना पुण्याला जायची पाळी येणार नाही. आमचे हे पुण्यातच कंपनीत आहेत. मी पोरीला गप्प करून एकेक शब्द ऐकला.

मग चांगला नागरिक कसा असावा ते सांगितलं. तो रस्त्यावर कचरा टाकत नाही म्हणाले. तेवढ्यात स्टेजवरून पाण्याची रिकामी बाटली गडगडत माझ्या पायाशी आली. काय करू? पिशवीत टाकली.

*

शेवटी साहेबांनी विचारलं, "कारखान्यासाठी जमीन द्यायला कोण कोण तयार आहे?"

आता आमच्या गटाची रीत अशी, की शोभाताईंचा हात वर गेला की सगळ्यांचा जातो. नाहीतर बैठक उठत नाही अन् घरी भाकरी राहतात. शोभाताईंनी हात वर केला. मीही केला. रुक्मिनकाकूनं तर दोन्ही केले. तिच्या नावावर अंगणसुद्धा नाही!

*

मी घरी पोचायच्या आधी सभेचा व्हिडिओ पुण्यात पोचला. यांचा फोन आला. "दोन एकर कोणाला विचारून देऊन आलीस?"

ते दोन एकर सासूबाईंच्या नावावर आहे. त्याच्याशिवाय आमच्याकडं दुसरं काही नाही. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

*

तिसऱ्या दिवशी साहेबांचा माणूस मोजायची टेप घेऊन दारात. जमीन दाखवा म्हणाला. मी पोरीला घट्ट धरून दाराआड उभी. माझ्या सासूबाई परक्या माणसाशी कधी बोलत नाहीत. त्या पदर सावरून पुढं झाल्या.

"तुमच्या सायबाची जमीन कुटं हाय?"

"ती काय आजी, रस्त्याच्या पलीकडं. चाळीस एकर."

"मंग कारखाना तिकडंच सरकवा की. मधी नुस्ता रस्ताच तर हाय."