तुळशीपर्यंत पोचणारी लेन्स

हट्टा गावच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्याला चिकटून जमीलभाईंचा फोटो स्टुडिओ. मधली भिंत नुसत्या पत्र्याची. त्यामुळे त्यांचं बरंचसं आयुष्य मी ऐकूनच जगलोय. पंचवीस वर्षांत या भागातली निम्मी लग्नं त्यांनी टिपली असतील. माणूस सरळ, पण हट्टी. एकदा मनात घेतलं की प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत. ऐकतात ते फक्त नजमाभाभींचं, आणि तेही कुरकुरत. बायकांच्या हळदीचे फोटो भाभीच काढतात. जुना कॅमेरा त्यांच्याच गळ्यात असतो.

चैत्रातली दुपार होती. मी चहाला पलीकडे स्टुडिओत गेलो होतो. तेवढ्यात बाजारात भाजी विकणाऱ्या सुमनबाई काखेत अल्बम घेऊन आल्या. धाकट्या पुनमचं लग्न ठरलं होतं. आम्हाला वाटलं, तारीख सांगायला आल्या. त्यांनी अल्बम टेबलावर ठेवला.

"जमीलभाई, शिवीचं लग्न तुमीच काढलं व्हतं. ह्याच्यात मी कुठं हाय ते दाखवा."

शिवकन्या ही त्यांची थोरली. सहा वर्षांपूर्वी लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी बाळंतपणात गेली. लेकरूही राहिलं नाही. सगळ्या गावाला ते माहीत होतं. जमीलभाई पानं उलटू लागले. पंगतीत सुमनबाई होत्या, पाठवणीत होत्या. पण अक्षता पडतानाच्या पानांवर मामा होता, काकू होत्या, बँडवालासुद्धा होता. आई नव्हती.

असणार कशी? लग्न लागताना नवरीच्या आईनं पाहायचं नाही, अशी रीत आहे. मंगलाष्टकं चालू असतात आणि ती मागं तुळशीला पाणी घालत उभी असते. इतके अल्बम झाले, यात काही चुकतंय असं ना जमीलभाईंना वाटलं, ना मला.

"पोरीच्या लग्नाला माय आलीच न्हाई, असं दिसून राह्यलं ह्याच्यात," सुमनबाई म्हणाल्या. "आता एकच लगीन उरलं."

जमीलभाईंनी अल्बम मिटला. "पुनमच्या फोटोत तुमी असाल. अक्षता पडतानाच्याच फोटोत. दोघी संगं."

"मी मान वर करणार न्हाई. रीत मोडायची न्हाई मला. एकीचं झालं तेवढं बास."

"नका करू. नजर पाण्यावरच ठिवा. फकस्त तोंड मांडवाकडं करून उभ्या ऱ्हावा."

त्या गेल्यावर मी म्हणालो, "शब्द तर दिला. पण तुम्ही स्टेजवर राहणार, की तुळशीपाशी?" त्यांनी चहाचा एक ग्लास टेबलाच्या या टोकाला ठेवला, दुसरा त्या टोकाला. जवळून पाहिलं की मागचा ग्लास बारीक दिसतो. पण खूप लांब जाऊन, तिथून लेन्सनं ओढून घेतलं, तर दोन्ही ग्लास शेजारीशेजारी आल्यासारखे दिसतात. "हरीश, आपल्याकडची लेन्स एवढं ओढत न्हाई. लांबची पायजे."

मग सुरू झालं लेन्सपुराण. मोठ्या पांढऱ्या लेन्सची किंमत अशी, की तिच्याकडे बघायचीही सोय नव्हती. आवाक्यात दोनच उरल्या. एक नवी, तीनशे एमएमपर्यंत ओढणारी. दुसरी कोणाची तरी वापरलेली, अडीचशेपर्यंतच जाणारी, पण तिच्यात हाताचा हादरा सांभाळून घेणारी यंत्रणा होती. मला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नाही, पण फुकटचा सल्ला द्यायला काय जातं? म्हणालो, "आकडा मोठा ती घ्या. वर नवीकोरी." त्यांनाही तेच हवं होतं. आम्ही दोघे शहाणे एकमेकांवर खूश झालो.

सोमवारी भाभींसकट आम्ही तिघे हिंगोलीला गेलो. दुकानदारानं दोन्ही लेन्स समोर मांडल्या. जमीलभाईंनी तीनशेची चढवली, दोन्ही कोपरं काउंटरवर रोवली आणि रस्त्यापलीकडच्या औषधांच्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढला. पाटीवरचा फोन नंबरसुद्धा वाचता आला. "बघा!" ते म्हणाले. मीही "बघा!" म्हणालो.

भाभी बाकावर बसूनच म्हणाल्या, "पैले कोपर उठाओ जी. मांडवात काउंटर कुठून आणणार?"

त्यांनी कोपरं उचलली आणि पुन्हा फोटो काढला. पाटीचा नुसता लाल फराटा आला. परत काढला, परत तेच. तेव्हा मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. बोटं थरथरत होती, अगदी बारीक. मी रोज त्यांच्याबरोबर चहा पितो. गेली दोन वर्षं ग्लास ते टेबलावर ठेवूनच, वाकून का पितात, हे मला कधी सुचलं नाही. लाज वाटली मला माझीच.

"घरात कपाखाली बशी वाजती," भाभी हळूच म्हणाल्या. "मला काय ऐकू येत न्हाई?"

 जमीलभाईंनी दुसरी लेन्स चढवली आणि कोपरं न टेकताच फोटो काढला. पाटी जरा लहान आली, पण नंबर वाचता आला. घरी येताना अडीचशेची लेन्स भाभींच्या मांडीवर होती. जमीलभाई वसमत रस्ता येईपर्यंत खिडकीबाहेरच पाहत होते.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी मांडव पावलांनी मोजला. मांडवामागं दहा-बारा पावलांवर तुळस होती, पण मधे स्टेजचा फुलांचा पडदा येत होता. तो लावू नका म्हटल्यावर पुनमचा मामा भागवत चिडला. "स्टेज उघडं-बोडकं दिसंल की! पाव्हणे काय म्हंतील?" सुमनबाई आतून म्हणाल्या, "म्हणू दे." पडदा लागला नाही.

मुहूर्त पाच पस्तीसचा होता. मुहूर्तावर लग्न लागलं तर ते आमच्याकडचं लग्न कसलं! वरात मारुतीपाशी तासभर नाचली. जमीलभाई मांडवाच्या पार टोकाला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभे. मी त्यांच्या पायाशी. ऊन मांडवावरून सरकलं, मग लिंबाच्या शेंड्यावर गेलं, मग तिथूनही गेलं. ते दर दोन मिनिटांनी आकाशाकडे पाहत. "उजेड चालला, हरीश. हात तर असा." पहिल्यांदाच त्यांनी मला हाताचं सांगितलं. ट्रॉली हलू नये म्हणून चाकांना दगड लावले.

अखेर पावणेसातला अंतरपाट धरला. स्टेजवर जुना कॅमेरा घेऊन नजमाभाभी उभ्या होत्या. वराकडचा एक जण ओरडला, "अरे, फोटोवाला कुठाय?" भाभींनी डोळा कॅमेऱ्यावरून न काढता सांगितलं, "मीच हाय. तुमी बाजूला सरका."

मागं सुमनबाई तांब्या घेऊन तुळशीपलीकडे आल्या. तोंड मांडवाकडे, मान खाली. जमीलभाईंनी श्वास रोखला. 'सावधान' झालं, अंतरपाट खाली गेला आणि अक्षता म्हणून रंगवलेल्या ज्वारीचा एकच मारा झाला. बँडच्या आवाजात कॅमेऱ्याचा आवाज मला ऐकू आला नाही. त्यांचं बोट तेवढं हलताना दिसलं.

चौथ्या दिवशी सुमनबाई स्टुडिओत आल्या. फोटो मोठा करून टेबलावर पालथा ठेवला होता. त्या पाहायला वाकल्या, आणि थांबल्या.

"आता पाह्यलं तर चालंल ना?"

"चालंल की. लगीन लागलं आता," जमीलभाई म्हणाले आणि फोटो सुलटा केला.

हवेत ज्वारी थांबली होती. पुढं मुंडावळ्या बांधलेली नवरी, आणि तिच्या खांद्याशी, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, आई. नजर खाली, ओठ काहीतरी पुटपुटणारे, तांब्यातून पाण्याची धार. आईच्या पापण्यासुद्धा मोजता येत होत्या. नवरीचा चेहरा मात्र धूसर होता.

जमीलभाई घाईनं म्हणाले, "तुमच्यावर नेम धरला, म्हणून पुनम जराशी पुसट आली. उजेड न्हवता. तिचे साफ फोटो नजमानं काढले हायेत, देतो मी."

सुमनबाईंनी फोटोवरून बोट फिरवलं. आधी स्वतःवरून, मग त्या धूसर चेहऱ्यावरून, कितीतरी वेळ. 

"ऱ्हाऊ द्या असाच," त्या म्हणाल्या. "साफ असता तर एकटी पुनम दिसली असती. आता माझ्या दोघीबी लेकी दिसून राहिल्या."