दोघांना सारखाच कागद

मेडशीहून मोटरसायकलवर येताना रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला आणि आमच्या ह्यांच्या डोक्याला मार लागला. चार महिन्यांत हात-पाय, बोलणं, सगळं जागेवर आलं. गावाला वाटलं, माणूस बरा झाला. पण ताटात एकदा घेतलेलं मीठ हे पुन्हा घेत आणि दूध करपलं तरी त्यांना वास येत नसे, हे मला रोज दिसत होतं. सांगायला गेलं की म्हणायचे, "मले काय झालं? तूच भेऊन राह्यली."

भीती होतीच. तूर फुलावर आली होती आणि फवारणी ह्यांना स्वतःच करायची होती. विषारी औषधाचं काम ते.

वाशिमला ह्यांचे उपचार चालू होते, तिथल्या थेरपिस्ट बाईंनी आम्हा दोघांना सारखाच कागद दिला. ह्यांनी स्वतःबद्दल लिहायचं, मी ह्यांच्याबद्दल. दोन्हींत जितकं अंतर, तितकं माणसाला स्वतःचं कमी कळतं, अशी ती तपासणी. लक्षात राहतं का? धोक्याचं काम एकट्याने जमतं का? ह्यांनी पटापट 'सहज जमतं'वर खुणा केल्या. माझा पेन मात्र अडला. निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "नवऱ्याचं उणं परक्याजवळ सांगू नको वो माय." एरवी मी त्यांचं किती ऐकते ते विचारू नका. त्या दिवशी नेमकं ऐकलं. मीही सगळीकडे 'सहज जमतं' करून टाकलं.

बाईंनी कागद जुळवले. "छान! त्यांना स्वतःची चांगली जाणीव आहे."

एसटीत हे खुशीत होते. "ऐकलं ना? उद्या पाची पंप मीच मारतो." मी खिडकीकडे तोंड करून बसले. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

सकाळी औषध कोठीमागे लपवलं आणि तसल्याच दुसऱ्या बाटलीत पातळ ताक भरलं. पाठीवरच्या एका पंपाला एक, अशी मोजून पाच झाकणं. शेतात विचारलं, "पाच पंपांत किती चुका होतीन?"

"एक बी नाही."

ताकाचा आंबट वास मला बांधावर येत होता. ह्यांना आला नाही. पहिल्या पंपात झाकण टाकलं, पाणी भरलं, पुन्हा झाकण टाकलं. दुसऱ्या पंपालाही तेच. तिसऱ्या पंपात एक झाकण पडलं आणि बाटली संपली.

"अर्धीच बाटली आणली होती काय तू?"

"पाच झाकणं मोजून भरली. औषध नाही, ताक हाय ते."

ह्यांनी बाटली नाकाशी नेली. पुन्हा नेली. मग खाली बसले. त्यांना कळावं म्हणूनच मी हे केलं होतं, आणि आता त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"मंग तिथं काहून नाही लिवलं?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

"आन् हे औषध असतं त?"

मला रडूच आलं. ह्यांनी पंप बांधावर नेऊन ठेवला.

"उद्या वाशिमले चाल," ते म्हणाले. "बाईले कोरे कागद माग. दोन."