काट्यावर हसत चढलो

मिरजगावच्या हमालांत जर्मनीच्या त्या मोठ्या तत्त्वज्ञाचा अभ्यास केल्याला गडी मी एकटाच. वाचाय येत न्हाई तेवढं सोडा. एसटीच्या पाटीवरचं गाव वळखतो, बास.

पन ते मागनं. आदी काट्याचं सांगतो.

मी कांद्याच्या वखारीत हमाल हाय. एकदा शेठच्या डोक्यात आलं, माल कमी भरतोय, कामाची मानसं कांदं नेत्यात. हुकूम काढला. सकाळी येताना समद्यांनी काट्यावर चढायचं, सांजच्याला जाताना परत चढायचं. वजन वाढलं तर चोर. ज्या काट्यावर गोन्या मोजतो, त्याच काट्यावर. ट्रकवाले बघत्यात, माल घिऊन आल्यालं शेतकरी बघत्यात.

कुनाचाच पाय उचलंना. मग मी गेलो म्होरं. मीच. उडी मारून चढलो, गोनीवानी उकिडवा बसलो आन म्हनलो, "शेठ, आज माजा भाव काय फुटला?"

शेठ हसला. "गोल्टी हाय रं तू, कोन घेतंय तुला?"

गोल्टी म्हंजी अगदी बारका कांदा. मी उंचीनं तसाच.

सारी वखार हसली. मला जोर आला. "आन दुपारची भाकर वजनात धरायची का वजा करायची?" शेठच्या डोळ्यात पानी आलं हसून. मला वाटलं, जिकलो आपन.

माज्या मागं कमळामावशी. कांदं निवडती, माज्या आईच्या वयाची. ती काट्याम्होरं थांबली. शेठ म्हनला, "ह्यो बघ कसा हसत चढला. तुलाच काय लाज आली?"

आन मी काय म्हनावं? "चढ की मावशी. फुकटात वजन कळतंय."

चढली. पदर दोनी हातानं आवळून, मान खाली घालून. शेठनं आकडा मोठ्यानं वाचला. तिच्या मागनं बाकीच्या बाया बी चढल्या. मी तवा बी हसतच हुतो.

बाजार बंद असतो त्या दिवशी तालमीच्या खोलीत एक सर आमा हमालांचा वर्ग घेत्यात. कॉलेजातनं रिटायर झाल्यालं. मी जायचो चहासाठी. सर त्या जर्मन मानसाचं सांगायचे. लई वर्सांमागं हून गेला, दाढी ही एवढी, घरात खायाची मारामार. मी म्हनायचो, दाढी सोडली तर मीच की. पोरं हसायची.

त्या दिवशी सर म्हनले, "तो सांगतो, कामगार बाजारात स्वतःचं अंगबळ विकायला काढतो. इतर मालासारखाच एक माल होऊन बसतो."

पोरं माज्याकडं वळली. "सर, ह्याचा तर भाव बी फुटलाय!"

झालं. मी उठलो, काट्याचा सगळा खेळ करून दावला. उकिडवा बसून. शेठचा आवाज काढून. मावशीचा पदर बी केला.

पोरं लोळली. सर हसले न्हाईत. म्हनले, "तो आणखी एक सांगतो. ज्याच्या हातात मालमत्ता, त्याचेच विचार सगळ्यांच्या डोक्यात बसतात. आपल्याला मात्र वाटतं, ते आपलेच आहेत." मग मला इचारलं, "हा विनोद कुणाचा?"

"माजाच की सर."

"शेठ हसला?"

"लई."

"आणि मावशी?"

मी तिच्या तोंडाकडं बघितलंच नव्हतं.

चहा तसाच ठिवला. कान तापलं हुतं. शेठनं मला शिवी दिली नव्हती, हात लावला नव्हता. त्याला जे म्हनायचं ते मीच म्हनलो, वर दात काढून. मी माल. मावशी माल. तोंड माजं, इचार शेठचा. आन म्हातारीला काट्यावर चढवाय वाट करून दिली ती बी मीच.

दुसऱ्या दिवशी काट्याम्होरं हुबा ऱ्हायलो. म्हनलो, "शेठ, मी चढनार न्हाई."

हमाल हसले. शेठ बी. "हं, म्होरं?" म्हनला. विनोदाची वाट बघत हुता. जल्मभर सोंगं केली, आता खरं बोलाय गेलो तर त्याचं बी हसू.

"म्होरं काय न्हाई. आज न्हाई, कवाच न्हाई. आन मावशीला बी चढू देनार न्हाई."

हसू थांबलं. शेठनं चष्मा काढला. "घरी बसायचंय का?"

"बसवा. पन चढनार न्हाई."

माजं ठरलं ते ठरलं. काम गेलं तर दुसरं बघीन, न्हाई घावलं तर उपाशी मरीन. त्या काट्यावर पाय ठेवनार न्हाई, आन सोताची कातडी सोलून कुना शेठला हसवनार न्हाई.

मग छाती फुगली. वाटलं, आता बायांना बी समजवावं. वळलो आन सुरू केलं, "बायांनो, जर्मनीत एक मानूस हुता..."

कमळामावशी भिताडाला टेकून हुबी हुती, निवडनाऱ्या समद्या बाया तिच्यासंगं.

"मुडद्या," ती म्हनली, "तू कोन मला चढू न देनारा? तू यायच्या आदीधरनं आमी काम सोडून हितं हुब्या हाय. एक बी चढली न्हाई. सरक तिकडं, शेठ दिसंना आमाला."