परतीचे पान

एका माणसाला परत फिरण्याची शेवटची संधी नेमकी कुठे होती, या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे टिपण लिहायला घेतले आहे. प्रश्न माझा नाही, त्याचाच आहे. वाचून झालेली कादंबरी तो वाचनालयाच्या टेबलावर ठेवी, कानामागची पेन्सिल काढी, एक पान अंगठ्याने दाबून धरी आणि म्हणे, "हे पान पाहा, गुरुजी. इथून वापस फिरता आलं असतं."

तो आमच्या गावचा पाणकर. केशोरीच्या बाजूला जुन्या तलावांची जी गावे आहेत, त्यांतले आमचे एक. तलावाचे पाणी शेतांना क्रमाने सोडायचे, तुडूम म्हणजे पाणी सोडण्याचे तोंड उघडायचे आणि मिटायचे, पाळीवरून म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावरून रोज एक फेरी मारायची, हे पाणकराचे काम. त्याचे नाव सर्वांना ठाऊक होते, पण गावात कोणी नावाने हाक मारत नसे. मीही इथे मारणार नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गावचे वाचनालय सांभाळू लागलो. दोन कपाटे, एक लांब टेबल, तीन बाके आणि दोन वर्तमानपत्रे. वाचकांनी अभिप्राय लिहावा, म्हणून मी प्रत्येक पुस्तकाच्या मलपृष्ठाला आतून कागदी खिसा चिकटवला. नियम असा केला की अभिप्रायाची चिठ्ठी दुमडून, टाचणी लावून खिशात ठेवायची आणि ज्याने पुस्तक पूर्ण वाचले असेल त्यानेच ती उघडायची. शेवट आधी कळला तर वाचनाचा रस जातो, आणि दुसऱ्याचे मत आधी वाचले तर स्वतःचे तयार होत नाही. नियम चांगला होता. आजही मी तो वाईट म्हणणार नाही.

अभिप्रायासाठी मी चार शीर्षके दिली होती : कथानक, पात्रे, भाषा, वातावरण. पाणकराने एकही कधी भरले नाही. त्याच्या चिठ्ठीवर फक्त पानाचा क्रमांक असे आणि खाली दोन ओळी.

एका रहस्यकादंबरीवर त्याने लिहिले होते : "पान २८. नवऱ्यानं चहा न पिताच कप धुतला. इथून वापस फिरता आलं असतं." त्या कादंबरीत खून होतो नव्वदाव्या पानावर. मी ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. अठ्ठाविसाव्या पानावर कप होता, एका ओळीत, आणि मी शिक्षक असूनही ती ओळ ओलांडून गेलो होतो.

ऐतिहासिक कादंबऱ्या त्याला आवडत, पण लढायांची पाने तो भराभर उलटवी. "लढाई म्हंजे उशीर झाल्यावरची गोष्ट," तो म्हणे. "पान ७४ पाहा. मोतद्दार सांगून राहिला का घोडं लंगडते. सरदार म्हनते, तू घोडं पाहा, मोहीम मी पाहातो. संपलं." अंतराळयानावरची एक कादंबरी मी जरा भीतभीतच त्याला दिली. ती त्याने दोन दिवसांत आणून दिली. "यान लय दूर गेलं, गुरुजी, पन मानसं तीच. धोक्याचा दिवा लागला तं साहेब म्हनते, दिवाच बिघडला. पान ६१."

सहाशे पानांच्या एका कौटुंबिक कादंबरीची चिठ्ठी मला फार दिवस छळत राहिली. तिच्यावर लिहिले होते : "पान नाई. या घरात पयल्या पानाच्या आधीच होऊन गेलं."

आमचे मतभेदही होत. एका प्रेमकथेत नायक "उद्या सांगतो" म्हणतो, ते एकशे तिसरे पान त्याने धरले. माझ्या मते खरे पान एकशे चाळिसावे, कारण तिथे नायिकेला सर्व कळलेले असते आणि तरीही ती गाडीत बसते. आम्ही तासभर वाद घातला. शेवटी तो म्हणाला, "तुमी मानसाले कळेपर्यंत थांबता, गुरुजी. मी पानी पाहनारा मानूस. पानी कोनाले कळाची वाट पाहात नाई."

वाचनालयात त्याची थट्टा होई. गावात शिवणकाम करणाऱ्या मावशी पुस्तक बदलायला येत. त्यांनी एकदा विचारले, "काहो पाणकर, माह्या लग्नाचं पान कोनतं होतं?"

"तुमी तं मुखपृष्ठावरच फसल्या, मावशी."

मावशी इतक्या हसल्या की पुस्तक न घेताच गेल्या. पण हसण्याच्या मागे एक अस्वस्थता असे. तुम्हीही अशा माणसाजवळ बसला असाल, तर ती तुम्हाला ठाऊक असेल. आपण बोलत असतो आणि हा माणूस ऐकता ऐकता कुठले तरी पान दाबून धरतो आहे, असे वाटत राहते.

भादवा उतरणीला लागला होता. तलाव काठोकाठ होता आणि धान गर्भात होते, लोंब्या फुटायच्या होत्या. अशा वेळी पिकाला पाणी लागते, म्हणून तलावातला थेंबही कोणी वाया जाऊ देत नाही. मंगळवारी ग्रामसभेत पाणकर उभा राहिला आणि म्हणाला की पाळीला दक्षिण टोकाशी ओल आली आहे, तुडूम उघडून दोन हात पाणी कमी करावे.

"आनि धान का तुह्या कादंबरीवर पिकवाचं?" एका शेतकऱ्याने विचारले. दुसरा म्हणाला, "याले जिथंतिथं शेवटच दिसते." सभा हसली. ठराव झाल्याशिवाय तुडुमाला हात लावायचा नाही, असे त्याला बजावण्यात आले. संध्याकाळपर्यंत गावाच्या मोबाइल ग्रुपवर कोणीतरी तलावाचा फोटो टाकला आणि खाली लिहिले : "पान किती?"

बुधवारी सकाळी तो माझ्या घरी आला. ओसरीवर टेकला, पण पाठ टेकवली नाही.

"तुमी तहसीलदाराले अर्ज लिहून द्या, गुरुजी. तुमच्या अक्षराले मानते लोक."

"लिहितो. पण मोघम चालत नाही," मी म्हणालो. "आधी तुम्ही मला लेखी द्या. स्थळ, दिवस, लक्षण. त्यावरून अर्ज करतो."

"आत्ता ओल आहे. पानी निर्मळ झिरपून राहिलं. निर्मळ आहे तवरिक भेव नाई. गढूळ आलं का समजाचं, आतून माती जाऊन राहिली."

"हेच लिहून आणा," मी म्हणालो. पस्तीस वर्षे मुलांना मी हेच सांगत आलो होतो : तोंडी नको, वहीत दाखवा.

गुरुवारी दुपारी तो वाचनालयात आला. बाकावर ग्रामसभेत बोललेले तेच दोघे शेतकरी वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर केली आणि एकाने विचारले, "आला का प्रलय?" पाणकर सरळ टेबलाशी आला. हातात आठवड्यापूर्वी नेलेली भयकादंबरी होती. चिठ्ठी दुमडून, टाचणी लावून खिशात ठेवलेली होती. त्याने पान दाबून धरले नाही. माझ्या नोंदवहीच्या पानावर पुस्तक ठेवले आणि हळू आवाजात म्हणाला, "चिठ्ठी लौकर वाचजा, गुरुजी."

त्याने अर्जासाठीचा मजकूर आणला असेल, तर तो मोठ्या कागदावर, वेगळा असेल, असे मी गृहीत धरले होते. अर्जाचा मजकूर मोठ्या कागदावर असतो. ही माझी शिस्त. त्याला लिहिण्याचा एकच प्रकार येत होता, आणि तो मीच शिकवला होता.

"नियम ठाऊक आहे ना?" मी हसून म्हणालो. "आधी पुस्तक, मग चिठ्ठी. मी ही कादंबरी अजून वाचलेली नाही."

त्याने बाकाकडे पाहिले. "मंग पुस्तकच लौकर वाचजा," म्हणाला आणि गेला.

पुस्तक दोनशे बारा पानांचे होते. मी रोज चाळीस पाने वाचतो. त्याहून अधिक वाचले तर मन लागत नाही. भयकादंबऱ्या मला आवडतही नाहीत. या कादंबरीत एका बंद घरात पावलांचे आवाज येतात आणि लेखक दर दहा पानांनी दिवा विझवतो. माझे मत प्रतिकूल होत चालले होते आणि ते कोणत्या शब्दांत मांडावे, याचा मी विचार करत होतो.

शनिवारी संध्याकाळी पाणकर वाचनालयाच्या दारात उभा राहिला. आत आला नाही. चपला चिखलाने भरल्या होत्या.

"किती पानं झाली, गुरुजी?"

"एकशे वीस."

"हळू वाचून राहिले."

"काऊन, घाई आहे का?" मी त्याच्याच बोलीत थट्टेने विचारले.

त्याने बाकाकडे पाहिले. दोघेही तिथेच होते. "असंच," तो म्हणाला.

रविवारी सकाळी मी पुस्तक उघडून बसलो होतो. तलावाच्या दिशेने थाळी बडवल्याचा आवाज आला, बराच वेळ आला आणि थांबला. मग जो आवाज आला तो मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला आणि तरीही तो कशाचा हे मला लगेच कळले.

पाळीखाली तीन घरे होती. ती माणसे सांगतात, पाणकराने थाळी बडवून सर्वांना घराबाहेर काढले, वरच्या रस्त्याला लावले, एका म्हाताऱ्या बाईला पाठीवर घेऊन तिथवर पोहोचवले. मग ठराव नसताना तुडूम उघडायला तो परत पाळीवर गेला. "बाप्पा, कायले चालला?" त्या म्हातारीने विचारले. "पानी हलकं कराले," तो म्हणाला. त्या तीन घरांतले एकही माणूस गेले नाही. तो दुसऱ्या दिवशी सापडला, खालच्या बांधीत म्हणजे भातखाचरात, आडव्या झालेल्या धानात.

रविवारी दुपारी मी माझा नियम पहिल्यांदा मोडला. पानाचा क्रमांक आणि दोन ओळी यांहून मोठी चिठ्ठी त्याने कधी लिहिली नव्हती आणि ही सहा ओळींची होती.

"कादंबरी ठीक. पान नाई.
तलावाची पाळ, दक्षिण टोक.
मोहाच्या झाडापासून सात पावलं.
सोमवारी ओल होती, पानी निर्मळ.
आज गुरुवार. पानी गढूळ.
इथून अजून वापस फिरता येते."

स्थळ, दिवस, लक्षण. काहीही मोघम नव्हते.

आता मूळ प्रश्न. गावात बहुतेक जण मंगळवार सांगतात, ग्रामसभा हसली तो. ते दोघे शेतकरी आता वाचनालयात येत नाहीत. त्यांचे उत्तर मला ठाऊक नाही. मी सर्व दिवस ओळीने मांडून पाहिले. मंगळवारी पाणी निर्मळ होते. बुधवारी मी लेखी मागितले, तेव्हाही निर्मळ होते. गुरुवारी ते गढूळ झाले आणि गुरुवारीच, दुपारी, ते माझ्या टेबलावर दुमडून ठेवलेले होते. पुढचे अडीच दिवस टाचणी काढायला मला कोणी अडवले नव्हते. माझ्या मते पान ते. पण पाणकराशी माझे पूर्वी मतभेद झाले आहेत आणि बहुधा त्याचेच बरोबर निघत असे.

पाळ पुन्हा बांधली आहे. नवा पाणकर नेमला आहे, तो दुचाकीवरून फेरी मारतो. गेल्या आठवड्यापासून उत्तर टोकाशी, जुन्या दगडी पायरीच्या खाली, हाताच्या पंज्याएवढी ओल आहे. मी ती लेखी कळवली आहे आणि तोंडीही, दारोदार. पाणी अजून निर्मळ आहे. मी रोज सकाळी ओंजळीत घेऊन पाहतो, पण माझी नजर आता म्हातारी झाली आहे.

त्याच्या सर्व चिठ्ठ्या पुस्तकांच्या खिशांत आहेत. टाचण्या मी काढल्या आहेत; आधी चिठ्ठी वाचली तरी चालेल. त्याने दिलेली पाने उघडून पाहा, आणि या हकिगतीतले पान मी चुकीचे धरले असेल तर तसे लिहून ठेवा. पण त्याआधी पाळीवर जा. पायरीखालचे पाणी ओंजळीत घ्या आणि उजेडात धरून स्वतः तपासा.