सात मुद्द्यांचा अहवाल

कचेरीत त्यांना सगळे भिंगकाका म्हणत आणि तेही तोंडावर. कागदावरची सही खरी की खोटी, हे कोर्टाला सांगणं हा त्यांचा पेशा. छत्तीस वर्षं हेच केल्यावर माणसाचा स्वभाव जसा व्हावा तसाच त्यांचा झाला होता. शेजाऱ्याने “बरे आहात ना?” असं विचारलं तरी काकांना प्रश्न पडे, याला आता काय हवंय? दूधवाला नव्या वर्षाचं कॅलेंडर फुकट देऊन गेला, तेव्हा महिनाभर ते रोज दुधात बोट बुडवून बघत होते.

अशा माणसाची बायको एके दिवशी आपणहून म्हणाली, “चला, तीन दिवस कुठेतरी जाऊ या. तुम्ही तुमचं काम करा, मी नुसती पडून राहीन.” काकांच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

काम होतं हे खरं. एका म्हाताऱ्या शिंप्याच्या मृत्युपत्रावरची सही त्याच्या पुतण्यांना खोटी वाटत होती आणि काकांचा अहवाल आठवड्याभरात हवा होता. वरच्या मजल्यावर फरशा फोडायचं काम चाललेलं, त्यामुळे घरात बसून लिहिणं अशक्य होतं. पण चाळीस वर्षांच्या संसारात या बाईने कधी “चला” म्हटलं नव्हतं. म्हणायचे ते काका, आणि नको म्हणायची ती. शिवाय गावही तिनेच काढलं. तीन तासांवरचं एक लहानसं गाव, तळ्याकाठी एक लॉज, वर सहा खोल्या, खाली जेवणघर. हे तुला कुणी सांगितलं, असं काकांनी विचारलं, तर म्हणाली, भाचीने. भाची त्या गावाला कधी गेली होती, असं विचारलं, तर म्हणाली, अहो, पिशवी भरू द्या मला.

वर आणखी एक. चांगली खोली मिळावी म्हणून ती सकाळच्या बसने पुढे गेली. काकांनी कचेरीतले कागद घेऊन संध्याकाळी यायचं, असं तिनेच ठरवून टाकलं. काका बसमध्ये बसले ते कपाळाला आठी घालूनच.

लॉजची मालकीणबाई मोठी बोलघेवडी होती. तिने वही पुढे सरकवली. वरच्या ओळीत बायकोची सही होती. काकांनी खाली आपली सही केली, पेन ठेवलं, आणि नजर वरच्या ओळीवर गेली ती हलेचना.

बायकोची सही त्यांना स्वतःच्या तळहातासारखी पाठ होती. एका दमात जायची, शेवटचं अक्षर खाली उतरून डावीकडे झोका घ्यायचं. ही सही रांगत गेली होती. रेघ कापरी होती, मध्येच पेन उचललेलं, शेवटचा झोका भीतभीत काढलेला. कुणीतरी समोर नमुना ठेवून सही गिरवतं ना, अगदी तशी.

काकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, आमची मंडळी दुपारी आराम करत होती का? मालकीणबाई म्हणाली, छे हो, पिशवी टाकली आणि लगेच बाहेर पडल्या, पाचला आल्या. वही तुमच्या समोरच भरली का त्यांनी? मालकीणबाईला आठवत नव्हतं. ती स्वयंपाकघरात असेल, वही टेबलावरच पडलेली असते. काकांनी नुसतं हूं केलं. मात्र जिना चढता चढता त्यांनी मनाशी पक्कं केलं, की कुठेतरी पाणी मुरतंय.

बायको खिडकीशी बसली होती. दुपारी काय केलंस, असं विचारल्यावर म्हणाली, तळ्यावर फिरले. तिच्या चपला दाराशी होत्या. तळ्याकाठी घोट्याएवढा चिखल, हे काकांनी बसमधून उतरतानाच पाहिलं होतं. चपला कोरड्या ठणठणीत. काकांनी ताकास तूर लागू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी नाश्ता आटोपून ती पुन्हा निघाली. काका बरोबर येतो म्हणाले, तर ती घाईघाईने म्हणाली, “नको नको, तुमचं काम राहील.” ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत काका खिडकीत उभे होते. शिंप्याचे कागद टेबलावर तसेच पसरून राहिले.

एकदा संशयाने घर केलं, की जुन्या गोष्टीही पुढे येऊन साक्ष देऊ लागतात. वर्षभरापूर्वीपर्यंत वाण्याची यादी ती स्वतः लिहायची. आता तोंडी सांगते आणि काकांना लिहायला लावते. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं रोज सोडवायची, ते एकाएकी बंद झालं. स्वतःचा चहा अर्धाच कप घेते. बहिणीला पत्र लिहायची, आता म्हणते फोन बरा पडतो. यातलं प्रत्येक काकांच्या नजरेला पडलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांनी एकच अर्थ लावला होता, की हिचं मन आता घरात नाही. आता तर हिच्या नावाने वहीत सही करणारी दुसरी कुणी बाई आहे, आणि सही होत होती तेव्हा ही भलतीकडेच होती. कुठे? कुणाकडे? एकसष्ट वर्षांच्या बायकोबद्दल असले विचार करताना त्यांना लाज वाटली पाहिजे होती. वाटली नाही. भीती वाटली. ही आपल्याला सोडून चालली की काय?

घाबरलेला माणूस आपल्याला येतं तेच करतो. काका खाली गेले, आपला पत्ता चुकीचा लिहिला असं वाटतंय म्हणून वही मागितली आणि मोबाइलवर त्या सहीचे चार फोटो काढले. त्यांच्या बॅगेत पेन्शनचा जुना अर्ज होता, त्यावर बायकोची दहा वर्षांपूर्वीची सही होती. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या, भिंग काढलं आणि कोरा कागद ओढला. वेग, दाब, कंप, पेन उचलल्याच्या जागा, अक्षरांमधलं अंतर, उतार, शेवटचा झोका. सात मुद्दे, आणि सातही जुळत नव्हते. कोर्टात देतात त्याच भाषेत त्यांनी अहवाल पुरा केला आणि शेवटी लिहिलं: निष्कर्ष, वादग्रस्त सही मूळ व्यक्तीची नाही. खाली सवयीने तारीखही टाकली.

लिहून झाल्यावर त्यांना बरं वाटलं नाही. डोकं भणभणत होतं. ते तोंड धुवायला बाहेरच्या मोरीत गेले, तिथेच जरा वेळ भिंतीला टेकून उभे राहिले.

परत आले तेव्हा बायको आली होती. टेबलाशी बसली होती. चष्मा लावलेला, आणि अहवालाचा कागद तिच्या पुढ्यात. तिने तो हातात धरला नव्हता, टेबलावरच सपाट ठेवून वाचत होती.

“हे माझ्या सहीबद्दल आहे ना?” तिने विचारलं.

काकांनी मान हलवली. रागवावं की माफी मागावी, ते त्यांना ठरवता येईना.

“ही सही माझी नाही, असं लिहिलंय तुम्ही.” ती रागावलेली नव्हती, तेच जास्त वाईट होतं. “बरोबर आहे तुमचं. वर्षभर मलाही असंच वाटतंय. हा हात माझा नाहीच.”

तिने उजवा हात मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला. तो थरथरत होता. अंगठा आणि तर्जनी सारखी एकमेकांवर घासत होती, चिमटीत धान्याचा दाणा फिरवावा तशी. तिने डाव्या हाताने तो दाबून धरला, तरी मनगट हलतच राहिलं.

मग तिने सगळं सांगितलं. नसांच्या विकाराचे एक डॉक्टर या गावात आठवड्यातून तीन दिवस बसतात, ते भाचीने शोधून काढले होते. काल दुपारी त्यांनी तपासलं, आज सकाळी सगळं समजावून सांगितलं. आजार बरा होणारा नाही, गोळ्यांनी आवरता येईल. वाण्याची यादी, शब्दकोडं, अर्धा कप, सगळं त्या एका हातापायी.  काका पलंगाच्या कडेवर बसले.

सही तपासायला घेण्याआधी सही करणाऱ्याचं वय आणि तब्येत विचारायची, कारण आजारी हात आणि खोटा हात कागदावर सारखेच दिसतात. कचेरीत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला काका पहिल्या दिवशी हेच शिकवत. त्या शिंप्याच्या दवाखान्याचे कागद मिळावेत म्हणून त्यांनी तीन पत्रं पाठवली होती, आणि तो शिंपी त्यांचा कोण लागत होता? बायकोची तब्येत विचारायचं मात्र त्यांच्या मनातही आलं नव्हतं. तिचं आपल्याला सगळं ठाऊक आहे, अशा तोऱ्यात ते होते.

“मला का नाही सांगितलंस?” ते म्हणाले.

“तुम्ही बघत बसला असता हो. माझ्याकडे नाही, हाताकडे.”

काकांनी हात पुढे करून टेबलावरचं भिंग उचललं आणि बॅगेत टाकलं. खाली मालकीणबाई कुणाला तरी भाज्यांचे भाव सांगत होती.

मग बायकोने डाव्या हाताने पर्स उघडून घडी घातलेला एक छापील कागद काढला. म्हणाली, उद्या सकाळी औषध सुरू करायचंय, त्याआधी घरच्या माणसाने हा भरून द्यायचा असतो. मी एकटीच राहते असं सांगायचं मनात आलं होतं, पण धीर झाला नाही.

काकांनी कागद घेतला. छापलेलं होतं: मी रुग्णाला इतकी इतकी वर्षे ओळखतो. आकड्यासाठी जागा मोकळी, खाली सहीची रेघ. त्यांनी ते दोनदा वाचलं. मोकळ्या जागेत चाळीस लिहिताना त्यांचं पेन अडखळलं. अहवालाचा कागद तिथेच शेजारी, आजच्या तारखेचा. त्यांनी सही करायला घेतली, मध्येच थांबले, पेन उचललं, पुन्हा टेकवलं. सही कशीबशी रेघेच्या शेवटाला पोहोचली.

बायकोने चष्मा सारखा करून ती पाहिली.

“ही तुमची वाटत नाही,” ती म्हणाली.

“माझीच आहे गं,” काका म्हणाले, आणि उद्या किती वाजता निघायचं ते त्यांनी तिला विचारलं.